दरवानाच्या सात ओळी

त्या जुन्या इंग्रजी नाटकातल्या दरवानाला फितूर ठरवणारी जी शिकलेली मंडळी आहेत, त्यांच्यापैकी एकानेही आयुष्यात सलग आठ तास फाटकावर काढलेले नसणार, हे मी पैजेवर सांगतो. मी चौतीस वर्षं काढली. मोठ्या इस्पितळाचं पुढचं फाटक, त्याला लागून कपाटाएवढी खोली, खोलीत एक स्टूल, आणि समोरून दिवसाला हजारभर माणसं आतबाहेर. शिक्षण म्हणाल तर चौथीपर्यंत, तेही मास्तर मला कंटाळले म्हणून पुरं झालं. पण सकाळी आत गेलेला माणूस संध्याकाळपर्यंत बाहेर पडला की नाही, हे मी वही न उघडता सांगत असे, आणि डॉक्टर लोक वहीपेक्षा माझ्यावर जास्त भरवसा ठेवत. मोजणीत मी चुकत नाही. ज्याला हे पटत नसेल त्याने पुढचं वाचू नये.

नाटक ठकीच्या परीक्षेला होतं. ठकी माझी नात, मुलीची मुलगी, वय सतरा, जीभ सत्तरची. तिच्या आईबद्दल एकदाच सांगतो आणि सोडून देतो. चौदा वर्षांपूर्वी एका मंगळवारी दुपारी ती घराच्या याच दारातून बाहेर पडली. दाराशी मी पेपर वाचत बसलो होतो. 'येते हं बाबा,' ती म्हणाली. मी मान वर न करता 'ये' म्हटलं. ती आली नाही. पोलीस झाले, नातेवाईक झाले, माझ्याच इस्पितळातल्या नको त्या खोल्याही बघून झाल्या. मुलगा, म्हणजे ठकीचा मामा, तेव्हापासून म्हणत आलाय, 'बाबा, तुम्ही तिला जाऊ दिलंत.' आणि मी म्हणत आलोय की येते म्हणालेल्या माणसाला कोण अडवतं.

आता परीक्षा झाली की ठकी परगावी शिकायला जाणार होती. वसतिगृहाचा अर्ज भरून टेबलावर पडला होता आणि त्याच्याकडे बघायचं मी टाळत होतो.

संध्याकाळी ती टेबलाशी पुस्तक घेऊन बसे आणि मी समोर वाटाणे सोलायला. चारशे वर्षांपूर्वीचं नाटक, सगळं पद्यात, आणि दर पानाखाली बारीक अक्षरांत शब्दार्थ.

"आजोबा, लेट म्हणजे काय सांगा."

"उशीर. तुझा मामा रोज करतो तो."

"तो नाही हो. हा दुसरा लेट. आता ह्याचा अर्थ जाऊ देणे. पण तेव्हा ह्याचाच अर्थ अडवणे असाही होता. दोन्ही चालायचे."

"एकाच शब्दाला दोन उलटी तोंडं?"

"हो. मूर्खच होते लोक."

चारशे वर्षांपूर्वीच्या माणसांना कोणी मूर्ख म्हटलेलं मला चालत नाही. "खालचा शिंपी संध्याकाळी काय करतो?" मी विचारलं.

"दुकान बंद करतो."

"त्याच्या तोंडावर तसं म्हणून बघ, कात्री फेकून मारील. दुकान वाढवायचं असतं. बांगडी फुटली की वाढली म्हणायचं. दिवा वाढव म्हणजे विझव. आणि घरातून निघताना तू काय म्हणतेस?"

"येते म्हणते," ती म्हणाली. मी पुढची शेंग उचलली.

नाटकाची गोष्ट तिने मला त्याच संध्याकाळी सांगितली. एक सरदार लढाईवर जातो. मागे गढीत त्याची मुलगी आणि फाटकावर म्हातारा दरवान. रोज संध्याकाळी नदीपलीकडून कोणीतरी मुलीला हाक मारतं. कोण, ते शेवटपर्यंत कळत नाही, आणि हाक तिच्याशिवाय कोणाला ऐकूही येत नाही. तिसऱ्या अंकात ती फाटकातून निघून जाते. पाचव्यात सरदार परत येतो, दरवानाला जाब विचारतो, आणि दरवान तीन शब्द बोलतो. 'आय लेट हर.' सरदार त्याला फितूर म्हणून फासावर चढवतो. नाटक संपलं.

"मग त्याने अडवलं की जाऊ दिलं?"

"तोच तर वीस मार्कांचा प्रश्न आहे. शिकवणीच्या बाई म्हणतात, जाऊ दिलं. फितूर होता. अडवलं असतं तर गेली कशी असती?"

"अडवूनही माणसं जातात," मी म्हटलं. "तुझ्या बाईंना सांग, फाटकावर येऊन बसा एक दिवस."

मग मला त्या दरवानाला बघावंसं वाटलं. मला इंग्रजी येत नाही, पण चेहरा एकदा बघितला की मी विसरत नाही, आणि शब्दालाही चेहरा असतो. ठकीने मला त्याचं नाव दाखवलं. त्याच्या बोलण्याआधी दर वेळी ते मोठ्या अक्षरांत छापलेलं होतं: पहिलं अक्षर पोट पुढे काढून एका पायावर उभं, आणि शेवटचं अगदी त्याच्यासारखंच, फक्त दुसरा पाय पुढे टाकलेलं, जणू आत्ता निघालंय. अख्ख्या पुस्तकात बोट फिरवून मी त्याला सात ठिकाणी पकडलं. सातही ठिकाणी पेन्सिलीने बारीक खूण केली. सात वेळाच बोलतो बिचारा, आणि त्यातलं शेवटचं बोलणं त्याच्या गळ्याशी येतं.

"मी असतो ना," मी पुस्तक परत देताना म्हणालो, "तर तिला म्हटलं असतं, आज वारा सुटलाय, उद्या जा. तेवढ्याने माणूस थांबतं. निदान एक दिवस."

दुसऱ्या दिवशी ठकी आंघोळीला गेली असताना मी पुन्हा पुस्तक चाळलं. मी का चाळलं ते विचारू नका. निवृत्त माणसाला एवढं तरी करू द्यावं. माझ्या सात खुणा होत्या. नावं आठ होती. आठवं तिसऱ्या अंकात, डाव्या पानाच्या मध्यावर, जिथे काल मी बोट दोनदा फिरवलं होतं. त्याला खूण नव्हती.

"तुमची एक सुटली असेल," ठकी टॉवेलने केस पुसत म्हणाली.

"माझी सुटत नाही. काय म्हणतोय तो इथे?"

तिने वाकून वाचलं. "म्हणतो, वारा फार आहे, ताईसाहेब, उद्या जा." मग ती हसली. "म्हणजे काल हे मीच तुम्हाला वाचून दाखवलं असणार. आणि तुम्ही मला ते स्वतःचं म्हणून ऐकवलंत. चोर आहात."

मी चोर नाही. पण तिच्याशी वाद घातला नाही, कारण मला राग यायच्या ऐवजी आतून बरं वाटत होतं, कधी नव्हे एवढं. चारशे वर्षं सगळ्या पंडितांनी ज्याला लटकवला, त्या माणसाच्या तोंडात मी एक शहाणपणाचं वाक्य घातलं होतं. त्या संध्याकाळी सगळे वाटाणे सोलून झाले तरी मी बोलत राहिलो. म्हटलं, तिच्या चपलेचा पट्टा सैल झाला असेल, तो शिवून देतो म्हणावं, तेवढ्यात हाक थांबेल. सकाळी नऊ नावं होती. नवव्या जागी दरवान सुई-दोरा मागत होता, आणि ठकी अगदी सहज म्हणाली की मुलगी चौथ्या अंकात निघून जाते.

"तिसऱ्या," मी म्हणालो.

"चौथ्या, आजोबा. तिसऱ्यात तिची चप्पल तुटते."

मी शर्ट चढवला आणि शिकवणीच्या बाईंच्या घरी गेलो. बाई चांगल्या आहेत, पण स्वतः बोललेलं वाक्य त्यांना फार आवडतं.

"बाई, तुमची स्वतःची प्रत बघू."

त्यांनी कपाटातून काढून दिली. कॉलेजातली, पिवळी पडलेली, समासात जुन्या निळ्या शाईत टिपणं. मी उभ्यानेच मोजलं. नऊ. सुई-दोऱ्याच्या ओळीशेजारी बाईंनी वीस-पंचवीस वर्षांपूर्वी काहीतरी लिहून ठेवलेलं होतं, आणि ती शाईही तेवढीच फिकी होती.

"हे काय लिहिलंय?"

"दरवानाचं वात्सल्य," बाई म्हणाल्या. "छान जागा आहे ती. पण शेवटी फितूरच हो. जाऊ देतो तो तिला."

"बघू," मी म्हटलं. बाईंना वाटलं मी पुस्तकाबद्दल बोलतोय.

पुढचे बारा-तेरा दिवस मी जे केलं ते सांगायला मला लाज वाटत नाही. फाटकावर माणसाला थोपवून धरायच्या जेवढ्या युक्त्या मला येत होत्या, तेवढ्या सगळ्या मी वाटाण्यांसमोर बसून बोलून टाकल्या. कुठे जाताय विचारावं, मग कोणाकडे, मग त्यांचं नाव काय, मग नाव पुन्हा विचारावं, कारण आपण म्हातारे आणि कानाने अधू. छत्री विसरलात म्हणावं. घरात कोणी बोलावतंय म्हणावं. गर्दी पांगू द्या, मग जा म्हणावं. रोज सकाळी पुस्तकात एखाद-दुसरं पोटवालं अक्षर वाढलेलं असे आणि मी खूण करत असे. दहा, अकरा, तेरा, सोळा. मुलीचं निघणं चौथ्या अंकातून पाचव्यात सरकलं, पाचव्याच्या सुरुवातीतून शेवटाकडे. ठकीला यातलं काही वेगळं वाटत नव्हतं. तिच्या लेखी नाटक नेहमीच असं होतं. उलट ती म्हणू लागली की दरवान हेच मुख्य पात्र आहे.

खालच्या शिंप्याने एक दिवस मला हाक मारली. तो तोंडात टाचण्या धरून बोलतो, त्यामुळे त्याचं सगळंच गंभीर वाटतं.

"काका, नात कोणाची वाट बघते?"

"कोणाची बघणार?"

"मला काय माहीत. परवा तुमच्या मजल्यावर पडदे द्यायला आलो, तर दारात उभी. पडदे लावून परत आलो, तरी उभी. म्हटलं, ताई, जायचंय का? म्हणाली, निघालेच की." त्याने एक टाचणी काढून कापडात खोचली. "वय आहे म्हणा. असेल कोणी खिडकीत."

शिंप्याच्या डोक्यात दुसरं काही येत नाही. पण मी त्या दिवसापासून लक्ष ठेवलं. ठकी शिकवणीला निघाली की चपला घालायची, पिशवी खांद्याला अडकवायची, दार उघडायची, उजवा पाय उंबऱ्याबाहेर टाकायची, आणि तिथेच राहायची. पाच मिनिटं. दुसऱ्या दिवशी वीस. विचारलं की म्हणे, निघालेच की, आणि तिच्या हिशोबी ती खरंच निघालेली असे. एकदा परत आत आली आणि म्हणाली, बाहेर वारा फार आहे. खिडकीतून मला समोरच्या गच्चीवरचे कपडे दिसत होते. एक बाही हलत नव्हती.

मी बोलणं बंद केलं. वाटाणे मुकाट्याने सोलले. पण सकाळी पुस्तकात नावं तरीही वाढलेलीच असत. दरवान आता माझ्यावाचून शिकला होता.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी ठकीने मला शेवट वाचून दाखवला. सरदार परत येतो. मुलगी फाटकात उभी असते, एक पाय आत, एक बाहेर. सरदार विचारतो, हे काय? आणि दरवान म्हणतो, 'आय लेट हर.' पडदा.

"फाशी?"

"कसली फाशी?" ठकी म्हणाली. "आणि गंमत बघा, आता इथे दोन्ही अर्थ बसतात. अडवलं म्हणा, जाऊ दिलं म्हणा. मी तसंच लिहिणार आहे."

"मुलीचं काय होतं?"

"काही होत नाही. ती उभी असते."

"किती वेळ?"

"नाटक आहे हो, आजोबा." तिने पुस्तक मिटलं आणि जांभई दिली. मी त्या वेळी तिच्याकडे नीट बघितलं. सतरा वर्षांची पोर, कानामागे शाईचा डाग, वसतिगृहात कपाटाला कुलूप लागतं का एवढीच काळजी. त्या सरदाराच्या मुलीला कोणी हाक मारत होतं. हिला कोणीच मारलेली नव्हती. हिला फक्त परीक्षेला जायचं होतं.

पेपर अकराचा. साडेनऊला ठकी तयार झाली. मुलगा तिला 'वेळेवर नीघ' असं बजावून कामावर गेला होता. तिने दार उघडलं, उजवा पाय उंबऱ्याबाहेर टाकला आणि उभी राहिली. पावणेदहा झाले. दहा झाले.

"ठकी, नीघ."

"निघालेच की, आजोबा." आवाज हसरा, मान न वळवता.

सव्वा दहाला मी दाराजवळच्या स्टुलावरून उठून तिच्या पाठीवर हात ठेवला. पाठ गरम होती, श्वास चालू होता, कुठे काही आखडलेलं नव्हतं. हलकेच ढकलून बघितलं. भिंतीला ढकलावं तसं झालं. "निघालेच की," ती म्हणाली, त्याच सुरात, एकही अक्षर इकडचं तिकडे नाही.

चौतीस वर्षांत मी कोणाला नुसतं 'जा' म्हटलं नव्हतं. इस्पितळातून रिकाम्या हाताने परतणाऱ्या लोकांनाही फाटक उघडताना मी 'या' म्हणायचो, आणि त्यांनाही ते बरोबर वाटायचं. 'जा' आपण कुत्र्याला म्हणतो, नाहीतर रागाने. पण 'ये' म्हटल्याचं काय होतं ते मी चौदा वर्षं बघत होतो. मला वाटलं, दोन तोंडांचा शब्द वापरला म्हणून त्या म्हाताऱ्याचं काय म्हणणं होतं ते कोणाला कळलं नाही. मी एकाच तोंडाचा वापरीन. पुस्तकाला काय लिहून घ्यायचं ते घेऊ दे. बाईंनी समासात काय खरडायचं ते खरडू दे. माझ्या दारात माझी ओळ मी बोलणार.

"ठकी," मी म्हणालो, "जा."

तिने मान वळवली. "असं म्हणतात का कोणी परीक्षेच्या दिवशी?" ती म्हणाली, आणि पिशवी सावरली. "बरं. जाते."

आणि गेली. एवढं सोपं होतं ते. मी दारात उभा राहून ऐकत होतो, छाती फुगवून. खोटं कशाला सांगू, मला त्या वेळी समोर कोणी सरदार असता तर हवा होता. तिच्या डाव्या चपलेचा पट्टा प्रत्येक पायरीवर टप वाजत होता. आमच्या जिन्याला चव्वेचाळीस पायऱ्या, तीन वळणं. सवयीने मी मोजत होतो. तिसरं वळण झालं. बेचाळीस, त्रेचाळीस, चव्वेचाळीस.

पंचेचाळीस.

मी कठड्यावरून वाकून बघितलं. खाली शिंप्याच्या दारापुढची फरशी दिसत होती, तिच्यावर उन्हाचा चौकोन. त्या चौकोनात कोणी आलं नाही. साठ. सत्तर. पावलं घाईची नव्हती, पेपरला वेळ आहे अशा बेताची होती.

दुपारी शिंपी वर आला. नऊपासून दारातच मशीन चालवत होतो, तो म्हणाला, कोणीही खाली उतरलं नाही. चारला बाई आल्या, ठकी परीक्षेला का आली नाही विचारायला. मुलगा कामावरून धावत आला, जिना दोनदा उतरला, दोनदा चढला, प्रत्येक वळणावर उभा राहून तिला हाका मारत राहिला. त्याची पावलं मी वेगळी ओळखत होतो. ती दोन्ही वेळा चव्वेचाळीसला थांबली.

आज नववा दिवस. दार मी लावू दिलेलं नाही. मुलगा लावायला आला तेव्हा स्टूल मधे घातलं. पोलीस येऊन गेले. मोठे साहेब माझ्यासमोर वाकून मोठ्याने म्हणाले, "बाबा, तुम्ही तिला अडवलं नाही का?" बाई रडत होत्या. मुलगा भिंतीकडे तोंड करून तेच म्हणत होता जे तो चौदा वर्षं म्हणत आलाय. मी कोणालाही उत्तर दिलं नाही. मला तोंड लपवायचं कारण नाही. पण बोलायला लागलं की एखादं पाऊल निसटतं, आणि मोजणीत मी चुकत नाही.

आवाज लांब जात नाही, जवळही येत नाही. डावा पट्टा वाजतो, मग उजवं पाऊल, मग डावा पट्टा. वळणावर जरा सावकाश. एका रात्रीपुरतं मी मुलाला इथे बसवून बघितलं, त्याला काही ऐकू येत नाही. तेव्हा मीच बसतो.

विचारायला येणाऱ्यांना मी हात वर करून थांबवतो. ती जिन्यात आहे. खाली पोचली की बोलू.